जसंच्या तसं

त्याची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या बाबांचे दात त्याच्या हातात होते.

ऐकायला कसंसंच वाटतं, पण खरं आहे. बाबांची नवी कवळी टोचत होती म्हणून आम्ही दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. खिडकीच्या काचेवर बारीक पाऊस, आत औषधाचा वास आणि बाबांचा चढलेला पारा. डॉक्टरांनी कवळी बनवणाऱ्यालाच बोलावून घेतलं. त्याची कार्यशाळा मागच्याच खोलीत होती. तो आला... उंच, कोपरापर्यंत प्लॅस्टरची पांढरी भुकटी, चष्मा कपाळावर चढवलेला. कवळी उजेडात धरून त्यानं अशी फिरवली की जणू आत काही लिहिलेलं आहे.

"टोचतेय त्यांना!" डॉक्टर ओरडले. "टो-च-ते-य!"

तो शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिला. ऐकूच न येणाऱ्या माणसापुढे घसा फोडून काय होणार? मी उठले. छातीत धडधड आणि डोक्यात हवा, दोन्ही एकदमच. खुणांच्या भाषेच्या दुभाषी परीक्षेला मी बसणार होते, आणि समोर आयती संधी चालून आली होती. मी हात वर केले आणि विचारलं, "मी सांगू?"

त्याच्या भुवया वर गेल्या. मग ओठांचा एक कोपरा. मला तो कोपरा उगाचच आवडला.

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "ही कवळी आहे की दाराची कडी? उजवीकडे खाली असं बोचतंय की घास घेताना रडू येतं. कुणी शिकवलं याला हे काम?"

मी हातांनी सांगितलं, "बाबा म्हणतात, छान झालीय. थोडी घट्ट वाटते, एवढंच."

त्यानं लालबुंद झालेल्या बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. मग आत जाऊन कवळी थोडीशी घासून आणली, आणि आम्ही घरी आलो. मी दिवसभर हवेत होते.

पुढच्या आठवड्यात बाबांचं जेवण बंद झालं. हिरडीला जखम झाली, गाल सुजला. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा तो. त्यानं बॅटरी लावून तोंडात पाहिलं, हात धुतले, पुसले आणि माझ्याकडे वळला. "त्या दिवशी ते काय म्हणाले होते? जसंच्या तसं सांग."

सांगितलं. दाराच्या कडीसकट. कडीवर तो हसला, खांदे हलवून, अगदी मनापासून. आणि मग हसू गेलं.

"हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तीच जागा घासली असती. ही जखम कवळीनं केलेली नाही. तुझ्या गोड बोलण्यानं केलीय."

माझा चेहरा उतरला. राग आला, आणि राग यायचं कारण इतकंच की तो खरं बोलत होता. पहिल्यांदा परीक्षेला बसले तेव्हा परीक्षकांनीही हेच सांगितलं होतं, की हात सुरेख चालतात, पण ही पदरचं घालते आणि नको ते गाळते. नापास. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात दुभाषाची जागा निघाली होती. तिथल्या मुख्य परिचारिकेनं माझ्यासाठी ती धरून ठेवली होती, पण तिनंही सांगितलं होतं, "यावेळी पास झालीस तर ये. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

हे सगळं मी त्याला का सांगितलं, कुणास ठाऊक. सांगत सुटले. तो भिंतीला टेकून बघत होता... ऐकणारी माणसं ऐकताना इकडेतिकडे बघतात, मोबाइल चाळतात. तो माझ्यावरून नजरच काढत नव्हता. काढली तर ऐकणं बंद पडणार ना! हे मला कळत होतं, तरी कानशिलं तापली.

"परीक्षा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"संध्याकाळी तुमच्या घरी येतो. मी वाट्टेल ते बोलेन. तू काही गाळायचं नाहीस."

"आणि बदल्यात?"

त्यानं बाबांकडे बोट केलं. "त्यांचा जबडा. इतका हट्टी जबडा मी अजून पाहिला नाही."

बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी एक श्वास घेतला आणि जसंच्या तसं सांगितलं. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर, आयुष्यभर पोरांना धाक दाखवलेला. ते सुजल्या गालानं खदखदून हसले. "येऊ दे त्याला. बघतोच."

असा तो आमच्या घरात आला.

पुढच्या खोलीत तीन खुर्च्या. बाबा ऐकणारा माणूस, तो समोर, आणि मी बाबांच्या खांद्याशी. म्हणजे त्याला बाबांचा चेहरा आणि माझे हात एकाच नजरेत दिसावेत. खिडकी पाठीमागे घ्यायची नाही, हात अंधारात जातात. अंगात साधा, एकरंगी सदरा. हातात अंगठी-बांगडी नको. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तो जे म्हणेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं. 'तो म्हणतो की' वगैरे नाही. दुभाषी मध्ये असतो, पण नसतो.

बाबा कधी बँकेचे साहेब व्हायचे, कधी घरमालक. तो कायम भांडकुदळ गिऱ्हाईक.

"घरमालक," मी त्याचे हात वाचून म्हणायचे, "तुमच्या नळाला येणारं पाणी डासांच्या आंघोळीलाही पुरत नाही."

"मग डास होऊन राहा!" बाबा.

"झालोच आहे. भाडं मात्र माणसाचं घेता."

दोघं असे जुंपायचे की मला घाम फुटायचा. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आणि दोघांच्या मधून मी हमालासारखी. एकदा बाबांनी मध्येच विचारलं, "हा मला खरंच 'अहो-जाहो' करतो, की तू पदरचं घालतेस?" मी म्हटलं, खुणांमध्ये तसं वेगळं काही नसतं, तो आदर चेहऱ्यावर असतो. बाबांनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. "मग फार नाहीये," असा निकाल दिला. तेही मी त्याला सांगितलं. तो इतका हसला की चष्मा खाली आला.

कर्णबधिर माणसं आपल्या माणसाला खुणेचं एक नाव देतात. ते स्वतः घेता येत नाही, त्यांनीच द्यावं लागतं. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी त्यानं मला नाव दिलं. दोन बोटांनी चिमूट धरायची आणि वरून भुरभुरवायची. साखर.

"हे नाव नाही, टोमणा आहे," मी फणकारले.

"सुधारलीस की बदलून देतो."

"आणि नाही सुधारले तर?"

"तर आयुष्यभर याच नावानं हाक मारीन."

आयुष्यभर... हा शब्द त्यानं सहज टाकला की मुद्दाम? मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याच वेळी वीज गेली.

हातांनी बोलणाऱ्या माणसांची वीज गेली की वाक्य अर्ध्यात तुटतं. अंधारात तो समोर बसलेला मला जाणवत होता, प्लॅस्टरचा नि साबणाचा मिसळलेला वास येत होता, पण त्याला विचारायची काही सोय नव्हती. बाबा मेणबत्ती शोधायला आत धडपडत गेले. आणि माझ्या लक्षात आलं की मला अभ्यासाची काही पडलेली नाही... मला फक्त त्याचे हात पुन्हा दिसायला हवे आहेत. मेणबत्ती आली तेव्हा मी विचारलं, "तू काहीतरी म्हणत होतास?" त्यानं मान हलवली. "विसरलो." खोटारडा.

त्या रात्री तो गेल्यावर बाबांनी कवळी काढून भांड्यात ठेवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "तुझी ही साखरेची सवय कुठून आलीय, माहितीय?"

मला माहीत होतं. आई असताना घरात दोन खोल्या होत्या आणि दोन अबोले. मी पाच-सहा वर्षांची. 'सांग तुझ्या आईला' आणि 'सांग तुझ्या बाबांना' यांच्यामध्ये मी धावायचे. कडू शब्द घेऊन निघायचे आणि गोड करून पोचवायचे.

"तुझी आई आयुष्यात कधी मला 'जेवायला येता का' म्हणाली नसती," बाबा म्हणाले. "मला कळायचं. पण तू इतकं छान सांगायचीस की मी यायचो." त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. "आता तो काळ गेला, बाळा. मोठ्यांचं मोठ्यांना निस्तरू दे."

मी हो म्हटलं. आणि दोनच दिवसांनी तोंडघशी पडले.

परीक्षा जवळ आली होती. सराव संपला, तो उठायच्या बेतात होता. बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "थांब. आता खरं बोलायचंय. याला विचार, माझ्या मुलीबद्दल तुझ्या मनात काय आहे? मुलगा मला आवडतो. पण याला ऐकू येत नाही. उद्या तू अडचणीत असलीस, याला हाक मारलीस, तर ती कळणार कशी? विचार. असंच्या असं विचार."

माझे हात जड झाले. त्याच्या मनात काही नसलं तर? आणि असलं, आणि बाबांचं ते 'ऐकू येत नाही' त्याला लागलं तर? तो समोर वाट बघत होता, डोळे माझ्या बोटांवर. आणि माझी बोटं म्हणाली, "बाबा विचारतायत, चहा घेणार का?"

तो हलला नाही.

"चहाबद्दल विचारताना कुणी चष्मा काढून ठेवत नाही," त्याचे हात हळू चालले होते. "आणि तू अशी पांढरीफटक पडत नाहीस."

"अरे, तसं काही—"

"माझे वडील हॉस्पिटलात होते. डॉक्टर माझ्या मोठ्या भावाशी बोलले. मी विचारलं, काय म्हणाले? भाऊ म्हणाला, दोन दिवसांत घरी सोडतील. मी कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तर कॉट रिकामी." त्यानं चष्मा सारखा केला. "भावाचं माझ्यावर प्रेमच होतं. म्हणूनच तो असं बोलला. पण मला काय कळावं नि काय कळू नये, हे त्यानं ठरवलं. आज तू ठरवलंस."

बाबा विचारत होते, काय झालं, काय म्हणतोय तो? तो उठला. बाबांना नमस्कार केला. माझ्याकडे न बघता गेला. न बघता! त्याच्या भाषेत याहून मोठ्यानं दार आपटता येत नाही.

त्यानंतर तो आला नाही. मी मेसेज पाठवले, त्यानं वाचल्याचं दिसायचं, उत्तर नसायचं. अभ्यास आरशासमोर केला. आरसा भांडत नाही, त्यामुळे मजा नव्हती. रडलेही. नाही कशाला म्हणू, चांगली भरपूर रडले.

परीक्षेची खोली साधी होती. पांढऱ्या भिंती, एक कॅमेरा, तीन परीक्षक, त्यातली मधली बाई स्वतः कर्णबधिर. आधी पडद्यावरचे उतारे झाले. मग प्रत्यक्ष प्रसंग, ज्यात एक बाई रुग्ण झाली होती आणि एक गृहस्थ डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी नाही. उपचार लांबतील. खात्री मी देऊ शकत नाही."

माझी बोटं आपोआप चिमटीत यायला लागली. 'सगळं ठीक होईल' असं म्हणायला किती सोपं होतं... मी हात मोकळे केले. गाठ साधी नाही. उपचार लांबतील. खात्री देऊ शकत नाही. त्या बाईचा चेहरा पडला. पण लगेच तिनं हात उचलले आणि विचारलं, "मग आज काय करायचं? माझी मुलगी परगावी आहे, तिला कधी बोलावू?" तेव्हा मला कळलं. तिला खरं सांगितलं म्हणूनच तिला पुढचं विचारता आलं. त्याला मात्र वडिलांच्या वेळी कुणी काही विचारूच दिलं नव्हतं.

शेवटी तोंडी. मधल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "कोणतं काम तुम्ही नाकाराल?"

पाठ केलेलं उत्तर होतं. पैशाचा संबंध असेल तर, नातेवाईक असतील तर, विषय झेपणारा नसेल तर. तेच सांगायला हात उचलले आणि मध्येच थांबले.

"जिथं समोरच्याच्या उत्तरावर माझं स्वतःचं काही अवलंबून असेल, तिथं मी काम घेणार नाही," मी सांगितलं. "आणि ते आधी सांगेन. न सांगता मध्ये उभी राहिले तर मी दोघांनाही फसवीन."

बाई थोडं पुढे झुकल्या. "असं कधी झालंय?"

"झालंय. मागच्याच आठवड्यात."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. पास की नापास, याचा विचार करायला मला सवडच नव्हती. मी तिथून सरळ दवाखान्याच्या मागच्या खोलीत गेले.

तो यंत्रावर कुणाचा तरी दात घासत होता. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळे माझ्याकडे बघून हसत असलेले. मी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं, तसं त्यानं वर पाहिलं. यंत्र बंद केलं, पण हात टेबलावरच ठेवले.

"त्या दिवशी बाबांनी चहाचं विचारलं नव्हतं," मी म्हणाले.

"माहितीय."

"प्रश्न तुझ्यासाठी होता. मी तो अडवला. चुकलं माझं. तो आजही तिथंच आहे, तू येऊन विचार त्यांना."

"तू सांग. आता तर परीक्षाही झाली तुझी."

"नाही. त्या प्रश्नाला मी दुभाषी म्हणून उभी राहणार नाही."

"का?"

जबड्यांनी भरलेली खोली. खिडकीतून मावळतीचा उजेड, हात नीट दिसतील इतपत. मी घाबरले होते.

"कारण तू काय उत्तर देतोस, यावर माझं सगळं अवलंबून आहे," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. हे आधी सांगायला हवं होतं... आणि मग मध्ये उभंच राहायला नको होतं."

मग त्यानं अॅप्रन काढला, खुंटीला लावला आणि दाराकडे निघाला. उंबऱ्यात थांबून मागे वळला. "चल ना. तुझे बाबा वाट बघत असतील."

बाबांना मी दारातच सांगितलं, "हा आलाय. तुम्हीच विचारा. मी नाही यात."

"अगं, पण मला याची भाषा कुठं येते?"

"तुमचं तुम्ही निस्तरा," मी म्हटलं आणि गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिले. आतून कपाट सरकवल्याचा आवाज आला. बाबा शिकवणीचा जुना फळा बाहेर ओढत होते. मग खडूची टकटक. थांबणं. पुन्हा टकटक, वेगळ्या हाताची. बाबांचा खोकला. एकदा खडू मोडला. खाली रस्त्यावर दुकानांचे दिवे लागले, समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं, आणि माझ्या आयुष्याचा फैसला माझ्या पाठीमागे लिहिला जात होता. वळून बघायचा मोह मी कसा आवरला, ते माझं मला माहीत.

बाबांनी हाक मारली तेव्हा फळा स्वच्छ पुसलेला होता. दोघांच्याही हातांवर खडू. बाबांचे डोळे ओले.

"काय लिहिलं त्यानं?" मी विचारलं.

"तू काम नाकारलंस ना? मग विचारायचं नाही," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले. जाताना त्याच्या खांद्यावर एक थाप मारली, चांगली सणसणीत.

आम्ही दोघं गॅलरीत उभे राहिलो. निकाल पुढे लागला, मी पास झाले, हॉस्पिटलात रुजूही झाले, पण त्या संध्याकाळी कुणी तो कानात ओरडून सांगितला असता तरी मला ऐकू आला नसता.

"त्यांनी विचारलं, तिची हाक मला कशी कळणार?" त्यानं सांगितलं.

"लागलं तुला?"

"लागलं. तेही लिहिलं. आणि भीती मलाही वाटते, असंही लिहिलं."

"आणि?"

"आणि लिहिलं, की तिला हाक मारावी लागू नये इतका मी तिच्याकडे बघत असतो. पहिल्या दिवसापासून."

मला हसू आलं आणि रडूही. मी काहीतरी म्हणायला हात उचलले, आणि त्यानं ते दोन्ही आपल्या हातांत धरले. हातांनी बोलणाऱ्यांचे हात कुणी असे धरत नाही. ते तोंड दाबण्यासारखं असतं, फार वाईट दिसतं. पण त्यानं स्वतःचेही हात त्यातच अडकवले होते. त्याला काही म्हणायचं नव्हतं, मलाही नव्हतं. तळव्यांमध्ये खडूची भुकटी होती.

"गॅलरीचं दार लावून घ्या रे," आतून बाबा ओरडले, "डास येतायत!"

मला ऐकू आलं. पण हात मोकळा कुणाचाच नव्हता, म्हणून दार तसंच उघडं राहिलं.